मसूर स्टेशन, १९०१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातारा शहरात दोन सातारे नांदत होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठांचं जुनं सातारा होतं. राजवाडा, देवळं, हौद, सरदारांचे वाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आळीआळीची वस्ती. त्याच्या कडेला इंग्रजी अमलात वाढलेला कॅम्प आणि सदर बाजार होता. तिथे बंगले होते, कचेऱ्या होत्या, सरळ आखलेले रस्ते होते आणि पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्यांची बिऱ्हाडं होती. १८९४ च्या सुमारास या कॅम्पात आणखी एक कुटुंब राहायला आलं. घरचे कर्ते रामजी मालोजी सकपाळ हे लष्करातले निवृत्त सुभेदार. चौदा वर्षं त्यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केलं होतं. कबीरपंथी, निर्व्यसनी, इंग्रजी जाणणारे, पहाटे मुलांना उठवून अभ्यासाला बसवणारे. आधी महू, मग दापोली आणि आता नोकरीनिमित्त सातारा.

पलटणीने या घराला बरंच काही दिलं होतं. पेन्शन होतं, मान होता आणि सगळ्यात मोठं म्हणजे अक्षर होतं. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शाळा होती. त्यामुळे गावकुसाबाहेरच्या माणसाला हजार वर्षांत न मिळालेली पाटी-पेन्सिल महार शिपायांच्या घरात आली. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरतीच थांबवली. लढाऊ जात कोणती आणि बिनलढाऊ कोणती, याची गणितं गोऱ्या अधिकाऱ्यांनी नव्याने मांडली होती. पेन्शनर मंडळी मात्र होती तिथे राहिली. स्वच्छ घर, धुतलेले कपडे, घरात पोथ्या, मुलांच्या हातात इंग्रजी पुस्तक. बाहेरून पाहणाऱ्याला या घरात आणि पेठेतल्या एखाद्या कारकुनाच्या घरात फरक सांगता आला नसता.

सातारकरांना मात्र तो अचूक सांगता येत होता. कपडे, भाषा, पगार, पेन्शन यांतलं काहीही त्याच्या आड येत नव्हतं. ज्या वस्तीत सगळे एकाच रीतीने वागतात, तिथे नव्या माणसाकडे पाहण्याआधी त्याची जात पाहिली जाते आणि ती कळली की पुढचं सगळं आपोआप ठरतं. कुणी कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. या लेखाचा विषय तो आपोआप चालणारा कारभार आहे.

सुभेदारांचा धाकटा मुलगा भिवा. पुढे जग त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखू लागलं. साताऱ्यातल्या बालपणाबद्दल त्यांनी स्वतः जे लिहून ठेवलं आहे, त्यातल्या बारीकसारीक गोष्टी आजही अंगावर येतात. वर्गात मुलं गुणांच्या क्रमाने बसत. भिवाची जागा कोपऱ्यात, एकटी. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर इतर मुलं गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात, तोटी फिरवत आणि पाणी पीत. भिवाला परवानगी पुरत नसे. त्याने तोटीला हात लावायचा नव्हता. शिपाई येऊन तोटी फिरवील तेव्हाच पाणी. शिपाई रजेवर असेल, कामात असेल, तर त्या दिवशी पाणी नाही.

घरातही तेच. साताऱ्यात परीट नव्हते असं नाही, आणि सुभेदारांना परटाचे पैसे परवडत नव्हते असंही नाही. तरी कपडे बहिणी धूत. न्हावीही पुष्कळ होते. तरी भावांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून त्या कामात चांगली तरबेज झाली होती. या एका तपशिलाशी मी नेहमी अडखळतो. पैसे घेऊन केस कापणं हा ज्याचा धंदा, तो माणूस गिऱ्हाईक नाकारतो आणि एका मुलीला घरच्या घरी भावांच्या डोक्यावरून कात्री चालवायला शिकावं लागतं. या प्रकाराने कुणाचं नाव इतिहासात आलं नाही. कुठे दंगा झाला नाही, फिर्याद झाली नाही. गाव सुरळीत चाललं होतं.

आई भीमाबाई साताऱ्यातच १८९६ साली वारल्या. घर सांभाळायला मीराबाई आत्या होत्या. फार मायाळू बाई, पण ठेंगण्या आणि पायाने अधू. त्यांना उठायलासुद्धा कधीकधी आधार द्यावा लागे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचं नाव सातारा हायस्कूलमध्ये पहिली इंग्रजीच्या वर्गात दाखल झालं. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. हजेरीपटावर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, नोंदणी क्रमांक १९१४. कोकणातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळांचं मूळ गाव, आणि या आडनावाचं मूळ त्या गावाच्या नावात. शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे शिक्षक होते. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी ते या विद्यार्थ्याला देत. दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा पावसात भिजून आलेल्या भिवाला त्यांनी आपल्या घरी पाठवून ऊन पाण्याने आंघोळ घालायला सांगितलं, कोरडा कपडा दिला. हे दोघेही ब्राह्मण. बाबासाहेब त्यांना जन्मभर विसरले नाहीत. गावाच्या रीतीतून एखादा माणूस असा बाजूला सरतो. त्याने रीत मोडत नाही, पण तशी रीत पाळावीच लागते हा बहाणा मात्र तिथेच मोडतो.

आता १९०१ चा उन्हाळा.

सलग दुष्काळांनी दख्खन भाजून निघाली होती. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. खटाव तालुक्यात गोरेगावला असंच एका तलावाचं खोदकाम सुरू होतं. हजारो उपाशी माणसं तिथे रोजावर राबत होती आणि रामजी सुभेदार त्या कामावर खजिनदार होते. (काही पुस्तकांत गोरेगावच्या जागी कोरेगाव छापलं जातं. ते पटण्यासारखं नाही. मुलं आगगाडीने उतरली ती मसूरला, आणि कोरेगावला जायला कुणी तिथे उतरणार नाही.) रोकड हातात असल्यामुळे त्यांना जागा सोडता येत नव्हती. साताऱ्यात मागे राहिली चार मुलं : भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. सोबतीला आत्या आणि भले शेजारी. स्वयंपाक मुलंच करत. भाकरी थापता येत नव्हती, म्हणून रोज पुलाव. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की झालं. आई नसलेल्या घरातल्या चार पोरांचा हा बेत वाचताना हसूही येतं आणि घशाशीही येतं.

वडिलांचं पत्र आलं : उन्हाळ्याच्या सुट्टीत गोरेगावला या. मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. घरात लगीनघाई उडाली. नवे विलायती कापडाचे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. वडिलांनी लिहिलं होतं की निघायचा दिवस कळवा, स्टेशनवर शिपाई पाठवतो. त्याप्रमाणे पत्र टाकलं. शेजारच्या बायांनी वाटेसाठी फराळाचं करून दिलं. टांगा दाराशी आला, आत्या रडायला लागल्या, पोरं मात्र आनंदात निघाली. रेल्वे स्टेशन घरापासून दहा मैल. तिथे भावाने तिकिटं काढली आणि तिघा धाकट्यांच्या हातावर खर्चायला दोन-दोन आणे ठेवले. त्यांनी लागलीच एकेक लेमनेडची बाटली मागवली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला थांबली. उतारू उतरले आणि आपापल्या वाटेला लागले. फलाटावर चार मुलं उरली. ना वडील, ना शिपाई. अर्धा तास गेला. स्टेशनमास्तर आले, तिकिटं पाहिली, का थांबलात म्हणून विचारलं. मुलांनी सांगितलं की गोरेगावला जायचंय, न्यायला कुणीतरी येणार आहे. अंगावर चांगले कपडे, बोलणं नीटस. मास्तरांना वाटलं ही ब्राह्मणाची मुलं. त्यांना कणव आली. आणि मग त्यांनी आपल्याकडे कुणीही विचारतो तो प्रश्न विचारला : तुम्ही कोण?

भिवाने क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं की आम्ही महार.

मास्तरांचा चेहराच पालटला. बाबासाहेबांनी तो बदल फार बारकाईने टिपला आहे. एका क्षणात त्या माणसाच्या तोंडावर किळस उमटली आणि तो पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेला. मुलं होती तिथेच उभी. ऊन कलत चाललेलं.

स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. तोवर ही महाराची पोरं आहेत ही बातमी गाडीवानांत पसरली होती. एकही तयार होईना. मुलं दुप्पट भाडं द्यायला तयार होती, तरी नाही. अखेर मास्तरांनाच तोड सुचली. त्यांनी मुलांना विचारलं, गाडी हाकता येईल का? मुलं एका सुरात हो म्हणाली. मग ठराव असा झाला : भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबरीने पायी चालायचं. म्हणजे विटाळ नाही आणि पैसेही बुडत नाहीत. एक गाडीवान कबूल झाला.

या ठरावाकडे नीट पाहिलं पाहिजे. स्टेशनमास्तर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर अंधार पडायच्या वेळी पोरांना फलाटावर टाकून घरी गेले असते. त्यांनी डोकं लढवलं, मध्यस्थी केली, वाट काढली. परंतु नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गाडीवानाशेजारी बसू दिलं तर काय बिघडेल, हा प्रश्न त्यांच्या मनात उगवलाच नाही. त्यांची सगळी हुशारी नियम न मोडता अडचण कशी सोडवायची यातच खर्ची पडली. चांगली माणसं इतकी हुशार असतात म्हणूनच असले नियम शतकानुशतकं टिकतात.

साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. रात्र व्हायच्या आत पोचू ना, असं मुलांनी विचारून घेतलं होतं. तीन तासांच्या वर लागत नाही, असं गाडीवान म्हणाला. थोड्या अंतरावर नदी लागली. उन्हाळ्यामुळे पात्र कोरडं, मधे मधे डबकी. पुढे पाणी मिळायचं नाही, इथेच खाऊन घ्या असं सांगून गाडीवान भाड्यातले थोडे पैसे उचलून गावात जेवायला गेला. मुलांनी डबा उघडला. पाणी आणायला एकजण डबक्याशी गेला. ते पाणी नव्हतंच. गाईम्हशींच्या शेणामुताने घट्ट झालेला चिखल होता आणि त्याच्या वासाने जवळ उभं राहवेना. पोट भरायच्या आतच डबा बंद करावा लागला.

गाडीवान परतला, गाडी पुढे निघाली. चार-पाच मैल तो ठरल्याप्रमाणे चालला. मग एकाएकी उडी मारून गाडीत बसला आणि कासरे हातात घेतले. काही तासांपूर्वी दुप्पट पैशांनाही न बाटणारा माणूस आता चौघांना खेटून बसला होता. कारण पोरांनी विचारलं नाही, विचारायची हिंमतच झाली नाही. वाचणाऱ्याला ते कळतं. रस्त्यावर अंधार होता आणि पाहणारं कुणी नव्हतं. विटाळ माणसाच्या अंगात नसतो, चार लोकांच्या डोळ्यांत असतो, हे त्या गाडीवानाच्या पायांना ठाऊक होतं.

रात्र वाढली. दिवा नाही, माणूस नाही, गुरंसुद्धा नाहीत. तीन तास केव्हाच उलटले. मुलांच्या अंगावर दागिने होते. हा आपल्याला आडरानात नेऊन मारणार, अशी भीती मनात शिरली. किती राहिलं म्हणून विचारलं की गाडीवान जवळच आहे म्हणे. दहाच्या सुमारास पोरं रडायला लागली, गाडीवानाला शिव्या देऊ लागली. अखेर लांबवर उजेड दिसला. तो टोलनाक्यावरचा दिवा होता. मध्यरात्री गाडी तिथे पोचली. नाका डोंगराच्या पायथ्याशी, आणि बऱ्याच गाड्या तिथे रात्रीच्या मुक्कामाला थांबलेल्या.

भूक पेटली होती, डब्यात अन्न भरपूर होतं, पण पाण्याशिवाय घास उतरेना. इथे गाडीवानाने अनुभवाचा सल्ला दिला. नाकेदार हिंदू आहे, त्याच्याकडे महार म्हणून गेलात तर पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत म्हणून सांगा आणि नशीब अजमावा. भिवा गेला. शंका राहू नये म्हणून उर्दूत बोलला. नाकेदाराने तोडून टाकलं : तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवलंय? डोंगरावर आहे, हवं तर जाऊन आणा.

मुलं उपाशी निजली. बैल सोडून गाडी उतरती केलेली, तिच्या फळ्यांवर अंथरूण. दागिन्यांना राखण म्हणून दोघांनी निजायचं, दोघांनी जागायचं. पहाटे पाचला गाडीवान निघू या म्हणाला, तर मुलांनी साफ नकार दिला. नीट उजाडल्याशिवाय हलायचं नाही. आठला निघून अकराला गोरेगाव आलं. वडील मुलांना पाहून चकित झाले, कारण मुलं येणार हे त्यांना कळलंच नव्हतं. पत्र पोचलं होतं. नोकर ते त्यांच्या हाती द्यायला विसरला होता.

म्हणजे सगळ्याची सुरुवात एका विसरलेल्या पत्रातून झाली. शिपाई वेळेवर स्टेशनला आला असता तर मुलं बाकीच्या प्रवाशांसारखीच हसतखेळत गेली असती. इतकंच की ती पहिल्यांदा आपल्या माणसांच्या कवचाबाहेर पडली होती. कॅम्पातल्या शेजाऱ्यांत, वडिलांच्या हुद्द्याच्या सावलीत जे झाकलं जात होतं ते मसूरच्या फलाटावर उघडं पडलं. आपण अस्पृश्य आहोत हे भिवाला आधीही ठाऊक होतं. गोणपाट आणि नळ ही रोजची गोष्ट होती. पण त्या रात्रीने आपल्या मनावर जो घाव केला तो आधीच्या कशानेही केला नव्हता, असं त्यांनी नमूद केलं आहे. आधी तो ते सगळं गृहीत धरून चालत होता. त्यानंतर तो त्याचा विचार करायला लागला.

बाबासाहेबांनी ही हकिकत १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिली, परदेशातल्या वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती त्यांच्या पश्चात, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपात छापली. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ती विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. त्याच पुस्तिकेत चाळीसगावचाही प्रसंग आहे. साल १९२९. परदेशातून पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात दौऱ्यावर होते. चाळीसगाव स्टेशनवर उतरले तर महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. टांगा भाड्याने द्यायला हरकत नव्हती, हाकायला होती. शेवटी वस्तीतला एक माणूस टांगा हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. मसूरचा ठराव अठ्ठावीस वर्षांनी तसाच्या तसा समोर आला होता. मधल्या काळात त्या माणसाने जग पालथं घातलं होतं. टांगेवाले जागचे हलले नव्हते.

खटाव तालुक्याचा उल्लेख वर आला. याच तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे मसूरच्या रस्त्यावर मुलं तहानेने तळमळली, त्याच्या तेहेतीस वर्षं आधी याच मातीतल्या माणसाने काय करायचं ते करून दाखवलं होतं. मग १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांचे झाले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि २००७ साली साताऱ्याच्या माण तालुक्यात, कुळकजाई गावात, स्वतःच्या जमिनीत विहीर खोदणाऱ्या एका दलित शेतकऱ्याचा जमावाने खून केला. मसूरनंतर एकशे सहा वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, पाण्यावरूनच.

वेगळ्या माणसाला गावाबाहेर ठेवायची ही सवय एकाच समाजापुरती राहिली नाही. फलटण तालुक्यातल्या निरगुडीचे लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं तेव्हा पांढरपेशा मराठी वाचक हादरला. गाढवांवर संसार लादून गावोगाव टोपल्या विणत हिंडणारं कैकाडी कुटुंब. गावाशेजारी पाल टाकायचं तर आधी पाटलाकडे वर्दी. गावात कुठे चोरी झाली की पहिला संशय पालावर. १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. आणि अगदी अलीकडची गोष्ट सांगायची तर सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून गावकऱ्यांनी पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. साधूंनी फक्त रस्ता विचारला होता. त्यांची जात, धर्म यातलं काही आड आलं नाही. अनोळखी चेहरा आणि अनोळखी बोली एवढं पुरलं.

तरी याच मुलखाने उलट बाजूचीही माणसं दिली, आणि त्यांच्याबद्दल न लिहिणं हा अन्याय ठरेल. भाऊराव पाटलांचं घराणं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जैन, सुस्थितीतलं. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून पोरवयात त्यांनी विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर वसतिगृहात त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावं लागलं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

मला या बोर्डिंगचं मोल संस्थेच्या शाळा-कॉलेजांच्या आकड्यांपेक्षा जास्त वाटतं. मराठा, महार, मांग, रामोशी, जैन, मुसलमान अशी खेड्यापाड्यांतली मुलं एका छताखाली राहत, पाणी भरत, दळत, स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसून जेवत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाई सगळ्या जातींच्या मुलांच्या आई झाल्या. साताऱ्याने हे सहज मान्य केलं नाही. अनेक सनातनी घरांनी नाकं मुरडली. पण बोर्डिंग हललं नाही. ज्या गावात चोवीस वर्षांपूर्वी एका मुलासाठी नळाची तोटी शिपाई आल्याशिवाय फिरत नव्हती, त्याच गावात आता सगळी मुलं एकाच भांड्यातलं पाणी पीत होती. भाऊरावांनी माणसांचं मन बदलायची वाट पाहिली नाही. त्यांनी आधी पंगत मांडली.

नगर, कॉलनी, सोसायटी अशी नावं घेऊन आज साताऱ्या-सांगलीभोवती जी नवी वस्ती उभी राहते आहे, तिला माझं हेच सांगणं आहे. घर भाड्याने देताना आडनाव विचारलं जातं. ते कळेना तर गाव विचारलं जातं, मग खाणंपिणं. विचारणारी माणसं सभ्य असतात, मसूरच्या मास्तरांइतकीच. उत्तर ऐकून तोंडं तशीच पालटतात, आणि खोली कालच दुसऱ्याला दिली म्हणून सांगितलं जातं.

२०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रातल्या शाळांत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भिवाने हायस्कुलात पाऊल ठेवल्याचा तो दिवस. भाषणं होतात, निबंध लिहून घेतले जातात, ते व्हावंच. सातारा-सांगलीतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्या दिवशी मसूर ते गोरेगाव हा प्रवास वर्गात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. समोरची मुलं त्याच वयाची असतात. वाचून झाल्यावर त्यांना विचारा, की तुम्ही मसूरचे गाडीवान असता तर काय केलं असतं. आणि घरी जाऊन आईवडिलांनाही तेच विचारायला सांगा.